आंबोलीतून दिसलेलं ऊन

परवा कूलरवाला आला, गेल्या वर्षीच्या ताट्या काढून नव्या वाळ्याच्या ताट्या बसवून गेला. पंप सुरू केला, पाणी झिरपायला लागलं आणि तो वास घरात आला. वर्षातून एकदाच असा येतो तो, पहिल्या दिवशी. अत्तरवाल्यांनी कितीही बाटल्या भरल्या तरी त्याची सर येत नाही. या वासाने नागपूरच्या माणसाला बालपण आठवतं, परीक्षा संपल्याच्या दुपारी आठवतात, गच्चीवरच्या खाटा आठवतात. मला आंबोली आठवते. लोकांना हे उलटं वाटेल. आंबोलीत कूलर कुणी पाहिलेलाही नसेल, तिथे आम्ही मे महिन्यात स्वेटर घालून बसलो होतो. पण त्या वर्षी हा वास आमच्या नागपुरातल्या बेसाच्या घरात दरवळत होता आणि तो घेणारी माणसं दुसरीच होती. आम्ही दोघं महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, धुक्यात बसून, आमच्याच कूलरचं ठिबकणारं पाणी फोनवर बघत होतो.

घराच्या बदल्यात घर, ही कल्पना आमच्या लेकीची. अस्मिता पुण्याला असते आणि तिथून आमचं आयुष्य सुधारत असते. "आई, तुम्ही त्यांच्या घरी राहायचं, ते आपल्या घरी राहतील. भाडं नाही, हॉटेल नाही," असं ती म्हणाली तेव्हा मी हसले होते. "अवं, मे महिन्यात नागपूरले कोण येईल? इथचेच लोक पळून राहिले." पण आली माणसं. आंबोलीच्या शाळेतून निवृत्त झालेले नार्वेकर सर आणि त्यांच्या पत्नी. सरांची धाकटी बहीण, सुमनताई, नागपुरात दिलेली. तिच्या खुब्याचं ऑपरेशन रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात ठरलं होतं, आणि तिचं घर दोन खोल्यांचं, आधीच माणसांनी भरलेलं. नार्वेकरांना वीस दिवस टेकायला जागा हवी होती, आम्हाला वीस दिवस थंडावा. गरज त्यांची, हौस आमची. त्याच सुमनताई आता काठीशिवाय चालतात आणि संक्रांतीला हळदीकुंकवाला आमच्याकडे येतात.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. खात्यातला माणूस घर सोडून जात नाही, चार्ज देऊन जातो. ह्यांनी नार्वेकरांसाठी फुलस्केपची चार पानं लिहिली. त्यातली अडीच पानं कूलरवर होती. पाणी किती वाजता भरायचं, आधी पंप आणि दहा मिनिटांनी पंखा, मागची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची नाहीतर घरात दमट होतं, टाकीतलं पाणी आठवड्याने बदलायचं. मग गॅस, नळ, कचऱ्याची गाडी, आणि नेट. 'राउटरचं बटण बंद करू नये' याखाली दोन रेघा. चार पानांत पोर्चमधल्या कॅमेऱ्याचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वस्तीत, एकदा चोरी झाली तेव्हा ह्यांनी तो बसवला होता. कोपऱ्यातून फाटकापासून दारापर्यंत सगळं दिसेल असा, आवाज वगैरे काही नाही, मुका. फोनवर एक बोट दाबलं की पोर्च दिसतो. ह्यांच्या लेखी तो फाटकाच्या कडीसारखाच होता, कडीबद्दल काय लिहायचं? आता वाटतं, तिथेच आमचं चुकलं. तेव्हा वाटलं नाही.

आंबोलीचं घर दुमजली, कौलारू, मागे उताराला जंगल. दारातून आत गेलं की खुंट्यांवर ओळीनं छत्र्या. सात मोजल्या मी. लांब दांड्याच्या, घडीच्या, एक तर दोघं सहज मावतील एवढी. नागपूरला जाताना नार्वेकरांनी एकही नेली नव्हती, तिकडे पाऊस कुठला! पहाटे एक पक्षी शीळ घालायचा, एखादं माणूस रस्त्याने रमतगमत सूर लावत जावं तशी. सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली की धुकं आत यायचं आणि कणकेच्या परातीवरून फिरून जायचं. पोळ्या लाटताना मला गंमत वाटायची. बाजारात पानांच्या द्रोणातून करवंदं मिळत, ती खाऊन आमच्या दोघांच्या जिभा जांभळ्या. वाळत घातलेले कपडे तीन दिवस वाळले नाहीत आणि मला त्याचा राग आला नाही, हे विशेष.

निघण्याआधी ह्यांना एकच चिंता होती. "डोंगरात नेट राहीन काय?" लेकीला तीनदा विचारून झालं होतं. प्रत्यक्षात तिथलं नेट आमच्या बेसाच्या नेटपेक्षा पळणारं निघालं. नार्वेकरांचा मुलगा अधूनमधून येऊन घरून काम करतो, त्याने चांगली लाइन टाकून घेतली होती. पासवर्डचा कागद मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, मास्तरी वळणाच्या अक्षरात. खाली एक ओळ होती : 'मध्येच थांबल्यास दोन मिनिटं दम धरावा.' मला तो माणूस तिथेच आवडला.

दुसऱ्याच्या घरात राहणं मला येतं. चमचे कुठे, गाळणं कुठे, हे बाईला दोन तासांत कळतं. दुसऱ्याच्या नेटमध्ये राहणं मात्र नवीन होतं. टीव्ही लावला की तो आम्हाला नार्वेकर समजूनच समोर यायचा. आधी दशावतारी नाटकं, मग बेडकांचे व्हिडिओ, मग खुब्याच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम. तो शेवटचा पाहून मला एकदम कसंसंच झालं. ही माणसं महिनाभर इथे बसून बहिणीच्या काळजीने हे बघत असणार. मग आम्ही वऱ्हाडी विनोदांचे कार्यक्रम शोधून लावले, आणि चार दिवसांत टीव्ही गोंधळला. बेडूक एक, वऱ्हाडी एक, असं आळीपाळीने दाखवायला लागला. ह्यांना त्यातलं बेडकांचंच जास्त आवडायला लागलं.

पहिल्याच संध्याकाळी चहा घेऊन बाहेर आले तर हे फोनवर वाकलेले.

"अवं, इकडे ये. आपलं घर पाह्य."

होतं खरंच. तळहाताएवढ्या काचेत आमचं फाटक, निळा ड्रम, मोगऱ्याच्या सहा कुंड्या, खिडकीला टेकलेला कूलर. ऊन इतकं पांढरं की कुंड्यांची सावलीसुद्धा भाजल्यासारखी वाटत होती. आणि इकडे माझ्या कपातली वाफ धुक्यात मिसळून चाललेली.

"हे बरं नाही दिसत," मी म्हटलं. "पाहुण्यांवर नजर ठेवून राहिले तुम्ही?"

"मी कुठं पाहुण्यांले पाहून राहिलो? मी कूलर पाहून राहिलो."

"मग त्यांले सांगा ना, कॅमेरा आहे म्हणून."

"सांगतो ना. उद्या सांगतो."

उद्या आला आणि गेला. मी दोन दिवस तोंड वाकडं करून हिंडले. सकाळी ह्यांनी फोन उघडला की मी मुद्दाम उठून आत जायची. आणि तिसऱ्या दिवशी हे बाजारात गेले, फोन टेबलावर राहिला, आणि मीच उघडला. सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला माझा मोगरा बघायचा होता. मोगऱ्यासाठी म्हणून उघडला आणि पाऊण तास बसले.

माझी नोकरी पस्तीस वर्षं झाली. सकाळी नऊला घर सोडायचं, संध्याकाळी सहाला यायचं. रविवारी स्वयंपाकघरात. निवृत्तीनंतरही पोर्चमध्ये नुसतं बसायची सवय लागली नाही. त्यामुळे माझंच घर सकाळी अकरा वाजता कसं दिसतं, हे मी आंबोलीत बसून पहिल्यांदा पाहिलं. फाटकाच्या नक्षीची सावली फरशीवर पडते आणि हळूहळू पायरी चढते. एक पिवळी मांजर ड्रमच्या आड येऊन झोपते. दोन बुलबुल येतात. वहिनींनी, म्हणजे नार्वेकर वहिनींनी, त्यांच्यासाठी मातीच्या परळात पाणी ठेवलं होतं. अकरा वर्षं त्या घरात राहून मी कधी ठेवलं नव्हतं. मला जरा झोंबलं. मग बुलबुल त्या परळात पंख फडफडवून अंघोळ करायला लागला आणि माझं झोंबणं गेलं.

मग आम्ही दोघं मिळून बघायला लागलो. चोरी दोघांची झाली की भीड चेपते. सकाळी सर पायरीवर पेपर घेऊन बसत, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत. वहिनी मोगऱ्याला मगाने पाणी घालत, कुंडी कुंडीशी काहीतरी बोलत. संध्याकाळी कळ्या खुडून ओंजळीत घेऊन आत जात. एकदा सर कूलरच्या पाठीमागे गेले, ताटीला नाक लावून डोळे मिटून उभे राहिले, चांगली दोन मिनिटं. वहिनी बाहेर येऊन बघतात तो नवरा कूलरला चिकटलेला. त्या कमरेवर हात ठेवून काहीतरी म्हणाल्या. आवाज नव्हता, पण काय म्हणाल्या असतील ते कुठल्याही बायकोला कळेल. आम्ही आंबोलीत हसून हसून लोळलो.

ते दिवस फार सुखाचे गेले. आपलं घर आपल्यावाचून ओस पडतं, अशी एक समजूत बाईच्या मनात असते. माझीही होती. त्या काचेत मला माझं घर नांदताना दिसत होतं, माझ्यावाचून, आणि मला वाईट वाटत नव्हतं. उलट डोक्यावरची टोपली कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं हलकं वाटत होतं. बाहेर ढग गडगडायचे, आत ह्यांची कांद्याची भजी तळली जायची. मी पुन्हा फोन उघडून पोर्चवर एक नजर टाकायची आणि निवांत व्हायची.

सुमनताईंचं ऑपरेशन झालं आणि सर रोज दुपारी डबा घेऊन निघायला लागले. साडेबारा वाजता. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. डोक्यावर काही नाही.

"पाह्य पाह्य, हा माणूस उघड्या डोक्यानं चालला!" हे उठूनच उभे राहिले.

"पिशवीत असेल दुपट्टा. फाटकाबाहेर बांधतील."

"कोणी फाटकाबाहेर बांधते काय?"

दुसऱ्या दिवशीही तेच. पिशवीत दुपट्टा नव्हता. आमच्या घरापासून मेन रोड पाऊण किलोमीटर, वाटेत झाड म्हणायला एक कडुनिंब. मग बसची वाट बघायची, मग रामदासपेठ, आणि अडीच-तीनच्या उन्हात तसंच परत. नवतपा लागलेला. त्या नऊ दिवसांत नागपुरात रस्त्यावर बाहेर पडणारा माणूस डोळ्यांपुरती फट ठेवून सगळं तोंड बांधतो, खिशात कांदा टाकतो, निघण्याआधी तांब्याभर पाणी पितो. तान्ह्या मुलाच्या आईलाही हे सांगावं लागत नाही. आणि म्हणूनच ह्यांच्या चार पानांत ते नव्हतं. कूलरबद्दल अडीच पानं लिहिली होती, उन्हाबद्दल एक ओळ नाही. आम्हाला ते लिहायचं असतं हेच कळलं नाही. पावसाच्या गावचा माणूस सात छत्र्या घरी ठेवून आमच्या उन्हात गेला होता, आणि त्याला सांगायला कुणी नव्हतं.

आम्ही होतो. पण आम्ही सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, तुम्हाला कसं कळलं?

मग आम्ही शहाण्या माणसांचे सगळे मूर्ख उपाय केले. ह्यांनी सरांना मेसेज पाठवला : 'नागपुरात ऊन फार आहे. काळजी घ्यावी.' उत्तर आलं : 'खरंच फार आहे! पण आपला कूलर झकास. आभार.' मी उष्माघाताची लक्षणं असलेला एक लांबलचक मजकूर शोधून पाठवला. त्यावर वहिनींचे जोडलेले हात आले. मग मी शेजारच्या कुंदाताईला फोन लावला. आमच्या घराची किल्ली नार्वेकरांना तिनेच दिली होती.

"कुंदे, जरा आमच्या पाहुण्याले सांग ना वं, डोक्याले बांधत जा म्हणून."

"मी तं वर्ध्याले आली ना, पुतणीच्या लग्नाले. काहून, काय झालं? अन् तुले कसं माहीत तो बांधत नाही म्हणून?"

मी म्हटलं, असंच, अंदाजानं. फोन ठेवला. कुंदाने पहिल्याच फटक्यात जे विचारलं तेच नार्वेकर विचारणार होते.

"सरळ फोन करा तुम्ही," मी ह्यांना म्हटलं.

"अन् काय सांगू? आठ दिवसांपासून तुम्हाले पाहून राहिलो म्हणून? काय इज्जत राहीन आपली?"

"माणूस मोठा का इज्जत मोठी?"

"मग तूच कर."

मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. ह्यांना बोलणं सोपं होतं. वहिनींना मी काय सांगणार होते? तुम्ही मोगऱ्याशी बोलता ते मी बघते? तुम्ही पोर्चमध्ये केस पुसता, पदर खोचता, एकदा एकट्याच पायरीवर बसून डोळे पुसलेत, तेही पाहिलं? लाज वाटत होती, दुसरं काही नाही. उद्या करू, असं आम्ही ठरवलं. तिसऱ्या दिवशीही सर उघड्या डोक्याने गेले आणि आम्ही दोघं ते बघत गप्प बसलो.

त्या दिवशी आंबोलीत दुपारीच अंधारून आलं. हे झोपले होते. मी दिवा लावून खिडकीशी फोन घेऊन बसले होते, सर येण्याची वाट बघत. तीनला पाच-दहा मिनिटं असतील. सर फाटकाशी दिसले. कडी काढायला त्यांना फार वेळ लागला. आत आले, दोन पावलं टाकली, पिशवी हातातून सुटली, डबा घरंगळत ड्रमपर्यंत गेला. त्यांनी तो उचलला नाही. पायरीवर बसले आणि डोकं खांबाला टेकवलं. दार त्यांच्या पाठीमागे चार हातांवर होतं, बंद. आत वहिनी असणार. पण आमचा कूलर सुरू झाला की आतल्या माणसाला बाहेरचं काही ऐकू येत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

इकडे वीज कडाडली, दिवा गेला. नेट गेलं. चित्र होतं तिथेच थांबलं, सरांचं डोकं खांबाला टेकलेलं, आणि त्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र.

दोन मिनिटं दम धरवणार नव्हता. फोनला रेंजची एक काडी होती. वहिनींना लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. हे जागे होऊन माझ्यापाशी येऊन उभे राहिले होते. तिसऱ्यांदा उचलला.

"वहिनी, आधी दार उघडा. सर पायरीवर बसलेत. ऊन लागलंय त्यांना."

"कोण बोलतंय? कुठे बसलेत?"

"तुमच्या दाराबाहेर! उघडा हो लवकर!"

कडीचा आवाज आला. मग "अहो! अहो, काय झालं हे!" मग फोन कुठेतरी ठेवल्याचा, नाही, टाकल्याचा आवाज. त्यापुढे फक्त आमच्या कूलरची घरघर ऐकू येत राहिली. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्या घरघरीला ओरडून सांगायला लागले, "कूलरसमोर झोपवा! चादर ओली करा! पाणी घोट घोट पाजा!" कुणी ऐकत होतं की नाही, देवाला माहीत. मग ह्यांनी बेसातल्या आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला लावला. तो भला माणूस दुकान तसंच सोडून ऑटो घेऊन गेला आणि सरांना डॉक्टरकडे नेलं. हे आम्हाला तुटक तुटक कळत होतं. मी देवासमोर जाऊन बसले. देवही नार्वेकरांचेच होते. त्यांना म्हटलं, तुमचं माणूस आहे, तुम्हीच बघा.

पाच वाजता वीज आली. पोर्च रिकामा होता. डबा ड्रमशी आडवा पडला होता, झाकण उघडं. साडेसहाला ऑटो आला. सर वहिनींच्या खांद्यावर हात टाकून, पण आपल्या पायांनी चालत आत गेले. ह्यांनी फोन पालथा ठेवला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

थोड्या वेळाने आम्हीच फोन केला. वहिनींनी उचलला. सलाइन लावलं होतं, आता ताक घेऊन पडलेत, म्हणाल्या. ह्यांनी घसा साफ केला आणि सगळं सांगितलं. कॅमेरा, पहिल्या दिवसापासून बघणं, सगळं. मी शेजारी बसून फोनला कान लावून ऐकत होते. मला वाटलं, आता म्हणतील की आम्ही उद्याच तुमचं घर सोडतो.

"म्हणजे तुम्ही मंगळवारपासून बघत होतात, हे उघड्या डोक्याने जातात ते?"

"हो."

"तीन दिवस?"

"हो, वहिनी."

"मग तीन दिवस सांगितलं का नाहीत?"

मी फोन घेतला. "लाज वाटली," मी म्हटलं.

"बघितलंत त्याचं राहू दे," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "मलाही माझं घर बघायला मिळालं असतं तर मी बघितलं असतं. पण माणूस डोळ्यांनी दिसत असताना सांगायचं नाही, हे मला कळत नाही. ठेवते."

मला आजवर पुष्कळ लोक पुष्कळ बोलले आहेत. ऑफिसात साहेब बोलले, सासूबाई बोलल्या. पण इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. कॅमेरा लावला हे पाप नव्हतंच. चोरून बघितलं, हेही माफ होण्यासारखं होतं. बघितल्यावर आपली अब्रू सांभाळत बसलो, ते वाईट होतं. ह्यांनी तिथल्या तिथे फोनमधून कॅमेऱ्याचं ॲप काढून टाकलं.

पुढचे दोन दिवस आंबोलीत पाऊस पडला, बेडूक ओरडले, शीळ घालणारा पक्षी पहाटे चारलाच सुरू झाला. आम्ही फिरायला गेलो, घाटातल्या धबधब्याच्या बारीक धारा बघून आलो. दोघांचंही लक्ष नव्हतं. सरांची तब्येत मेसेजवर विचारली की 'बरी आहे' एवढंच उत्तर यायचं. ते दोन दिवस डबा सरांचा भाचा, सुमनताईंचा मुलगा, नेत होता म्हणे. अकरा वाजले की मला वाटायचं, आता सावली पायरी चढत असेल. पण फोन उघडून उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला वहिनींचा फोन आला.

"कॅमेरा लावा."

"वहिनी, तो काढून टाकला आम्ही."

"मग परत घाला. हे निघालेत."

ह्यांच्या बोटांना इतकी घाई कधी झाली नव्हती. पासवर्ड दोनदा चुकला. पोर्च उघडला तेव्हा सर कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, मान वर करून उभे होते. डोक्याला पांढरा दुपट्टा, गावजेवणातल्या आचाऱ्याने बांधावा तसा. शेजारी वहिनी, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला.

"आता सांगा, बरोबर आहे का?"

"कान!" हे ओरडले. "कान उघडे आहेत सरचे! झळ कानातूनच लागते."

वहिनींनी दुपट्टा सोडला. ह्यांनी एखाद्या धरणाचं काम चालल्यासारखं एकेक सांगितलं. मागून आणा, कानावरून घ्या, हनुवटीखालून पलीकडे, टोक आत खोचा, नाक झाका. वहिनींनी तसं तसं केलं. शेवटी सरांचे फक्त डोळे आणि चष्मा उरला.

"आता?"

"आता बरोबर. पाणी प्यायले काय?"

सरांनी दोन बोटं वर केली. दोन ग्लास.

"अन् कांदा?"

सरांनी खिशात हात घातला, चांगला मोठा लाल कांदा काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. वहिनी हसल्या. ते हसणं मला फोनमधून ऐकू आलं आणि कॅमेऱ्यात थोडं उशिरा दिसलं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

सर फाटकातून बाहेर पडले आणि काचेच्या बाहेर गेले. पुढचा रस्ता, तो कडुनिंब, बस, रामदासपेठ, यातलं काही आम्हाला दिसणार नव्हतं. मी पानं घेतली. भात निवत होता. हे पानावर बसले आणि उठले.

"येऊ दे त्यांले," म्हणाले.

मी भातावर झाकण ठेवलं. तीन वाजून गेल्यावर फाटक हललं. सरांनी आत येऊन आधी वर बघितलं, हात हलवला, मग दुपट्टा सोडला. वहिनी दार उघडून केव्हाच्या उभ्या होत्या. मग आम्ही जेवलो. आंबोलीतले उरलेले सगळे दिवस आम्ही सर घरी आल्यावरच जेवलो.